फोन माझा, मग कडी कोणाच्या हातात?

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलं आहे. फक्त ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत.)

मी बोलतोय रत्नागिरीतून, नेहमीसारखं घरातल्या मागच्या खोलीतून. खिडकी उघडी आहे, कारण बंद केली तर उकाड्याने माझाच आवाज बंद होईल. मध्येच रिक्षा गेली किंवा शेजारचा कुत्रा भुंकला तर समजून घ्या.

आजचा विषय तुमच्या हातातच आहे. ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय, त्यात कुठलं ॲप घालायचं आणि कुठलं नाही, हे कोणी ठरवायचं? तुम्ही, की फोन बनवणाऱ्या कंपनीने?

दोन वर्षांपूर्वी मला कोणी हे विचारलं असतं ना, तर मी एका सेकंदात उत्तर दिलं असतं. ‘अरे, पैसे मी दिले, फोन माझा, मी ठरवणार!’ आज तेवढं पटकन बोलवत नाही. का, ते सांगतो. घरातलीच गोष्ट आहे.

गेल्या मे महिन्यात, आंब्याचा हंगाम संपत आला होता. बाबा दुपारी पडवीत बसले होते. व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. ओळखीच्याच नंबरवरून, आमच्या एका बागायतदार काकांच्या. ‘लग्नाला सहकुटुंब यायचं हं’, आणि खाली एक फाइल. नाव काय, तर ‘लग्नपत्रिका’ आणि शेवटी एपीके. आता आम्हाला एपीके म्हटलं की कळतं की हे ॲप आहे. बाबांना काय दिसलं? पत्रिका. त्यांनी उघडली. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप घालू का? बाबांनी ‘हो’ म्हटलं. मग त्या ॲपने विचारलं, मेसेज वाचू का? परत ‘हो’. बाबा नंतर म्हणाले, “अरे, फोन रोज काही ना काही विचारतच असतो. मी रोज हो म्हणतो.”

पुढच्या तासाभरात तीन व्यवहार. शेहेचाळीस हजार रुपये गेले. पेट्यांचे पैसे. ओटीपी बाबांच्या फोनवर आले, बाबांच्या आधी चोराने वाचले. आणि ज्या काकांच्या नंबरवरून पत्रिका आली, त्यांच्या घरी लग्नच नव्हतं. त्यांचाही फोन तसाच गेला होता आणि तो आपोआप सगळ्यांना पत्रिका वाटत सुटला होता.

आम्ही लगेच १९३० वर फोन केला. हा नंबर लिहून ठेवा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त. आमचे थोडे अडले. बाकीचे गेले ते गेलेच.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी माणसं, त्यांना कळत नाही. तसं नाहीये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याचे जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये अशाच व्हॉट्सॲपवरच्या लग्नपत्रिकेने गेले. बातम्या आल्या होत्या. कधी पत्रिका, कधी आरटीओचं चलन, कधी पीएम किसानचा हप्ता. नाव बदलतं, शेपूट तेच. एपीके.

तर त्या रात्री मी काय केलं? बाबांचा फोन घेतला आणि बाहेरून ॲप घालायच्या सगळ्या सोयी बंद केल्या. म्हटलं, “आता जे काही घालायचं ते फक्त स्टोअरमधून. बाकी काही नाही.” बाबा काही बोलले नाहीत. पैसे गेल्याची लाज वाटत होती त्यांना. मला मात्र वाटलं, आपण बरोबर केलं.

आता गोष्टीतला दुसरा माणूस. माझा एक मित्र, कॉलेजपासूनचा. त्याचीही कलमं आहेत. त्याने बागायतदारांसाठी एक छोटंसं ॲप बनवलं. काय आहे त्यात? कुठल्या तारखेला कुठल्या कलमांवर कुठलं औषध फवारलं, बागेतल्या गड्यांना उचल किती दिली, पेट्या किती भरल्या, कोणाकडे पाठवल्या, पैसे किती आले. म्हणजे आपली ती लाल वही असते ना, तीच फोनमध्ये. मराठीत. नेट नसलं तरी चालते, कारण बागेत रेंज कुठे असते? फुकट. आमच्या आसपासची पन्नास-साठ माणसं वापरतात. बाबा पण.

त्याने ते रीतसर एका मोठ्या ॲप स्टोअरवर टाकलं होतं. काही महिने होतं. मग एक दिवस खातंच बंद. कारण काय, तर ‘धोरणाचा भंग’. कुठल्या धोरणाचा, कुठल्या ओळीत, काहीच नाही. त्याने दाद मागितली. उत्तर आलं, तेही यंत्राने लिहिल्यासारखं, की निर्णय कायम. परत मेल, परत तेच. तो मला म्हणाला, “अरे, तलाठ्याकडे गेलो तर निदान तलाठी दिसतो तरी. इथे दार वाजवायचं कुठे?”

मग त्याने काय केलं? एपीके फाइल केली आणि व्हॉट्सॲपवरून सगळ्यांना पाठवायला लागला.

लक्षात येतंय का? ज्या दाराने बाबांच्या फोनमध्ये चोर आला, त्याच दाराने आमचा मित्रही येत होता. आणि ते दार मी बंद करून बसलो होतो.

पुढच्या हंगामात मोहोराच्या वेळी बाबांनी फोन माझ्यासमोर धरला. नवीन आवृत्ती घातल्याशिवाय ॲप चालत नव्हतं, आणि नवीन आवृत्ती फोन घेत नव्हता. बाबा म्हणाले, “वही माझी, फोन माझा, नि उघडायला विचारायचं कोणाला? तुला?”

मला खरंच उत्तर सुचलं नाही. कारण मी बाबांच्या बाबतीत तेच केलं होतं जे ती कंपनी माझ्या मित्राच्या बाबतीत करत होती. भल्यासाठीच, पण न विचारता.

म्हणून मग मी हा विषय जरा नीट वाचायला घेतला. जे सापडलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे फोन सारखे नाहीत. आयफोनमध्ये आपल्याकडे आजही ॲप येण्याचं दार एकच, ॲपलचं स्वतःचं. युरोपमध्ये कायद्याने भाग पाडलं म्हणून मार्च २०२४ पासून तिथल्या आयफोनवर दुसरी स्टोअर्स चालतात. भारतात नाही. अँड्रॉइडमध्ये बाहेरून ॲप घालता येतं, पण समोर इशाऱ्यांच्या पाट्या. आणि भारतातले शंभरातले नव्वदाहून जास्त फोन अँड्रॉइडचे, म्हणजे दार कितीही उघडं म्हटलं तरी मुख्य वेशीवर गुगल उभं.

ही वेस किती ताकदीची आहे, त्याचा एक प्रसंग. १ मार्च २०२४ ला गुगलने प्ले स्टोअरवरून काही भारतीय कंपन्यांची ॲप्स काढून टाकली. कमिशनचा वाद होता. त्यात शादी डॉट कॉम होतं, कुकू एफएम होतं, दोन्ही मुंबईच्या कंपन्या. नोकरी डॉट कॉमही होतं. तुमच्यापैकी कित्येक जण मराठी पुस्तकं ऐकायला कुकू एफएम वापरत असतील. केंद्र सरकारने बैठका घेतल्या आणि चार-पाच दिवसांत ॲप्स परत आली. चांगलं झालं. पण मला सांगा, माझ्या मित्राच्या फवारणीच्या वहीसाठी कुठला मंत्री बैठक घेणार आहे?

दुसरा प्रसंग जुना, पण मला फार बोलका वाटतो. नको असलेल्या जाहिरातींच्या कॉलची तक्रार करायला ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, एक ॲप काढलं होतं. अँड्रॉइडवर आलं. ॲपलने घेतलं नाही. म्हणणं असं की हे ॲप माणसाचे सगळे कॉल आणि मेसेज बघायला मागतंय, हे खासगीपणात बसत नाही. ट्राय म्हणे, ग्राहकाचा डेटा ग्राहकाचा, तो द्यायचा की नाही हे ग्राहक ठरवेल. दोन वर्षं ताणाताणी. शेवटी जुलै २०१८ मध्ये ट्रायने नियमच केला, की सहा महिन्यांत हे ॲप चालू दिलं नाही तर अशा फोनची आमच्या नेटवर्कवरची मान्यता काढू. नोव्हेंबरमध्ये ॲप आलं. पण आलं कसं? ॲपलने आयफोनमध्ये एक वेगळी सोय केली, ज्यात सगळं न वाचता फक्त तुम्ही दाखवलेल्या कॉलची तक्रार करता येते.

आता इथे कोण बरोबर होतं? दोघंही थोडे थोडे. कंपनीची भीती खोटी नव्हती. बाबांच्या फोनमध्ये चोराला हवं होतं ते हेच, मेसेज वाचायची परवानगी. पण एका कंपनीने ‘नाही’ म्हटलं आणि देशाच्या नियामकाला दोन वर्षं बाहेर उभं राहावं लागलं, हेही खरंच.

आणि दुसऱ्या बाजूनेही बघा. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार खात्याने फोन कंपन्यांना सांगितलं की संचार साथी हे सरकारी ॲप नव्वद दिवसांत सगळ्या नव्या फोनमध्ये आधीपासून घालून द्या. ॲप कामाचं आहे हां, हरवलेला फोन बंद करता येतो, फसवणुकीची तक्रार करता येते. पण सक्तीवरून इतका आरडाओरडा झाला की ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. म्हणजे कंपनी म्हणते हे घालायचं नाही, सरकार म्हणतं हे घालायचंच. फोन ज्याचा आहे त्याला विचारायचं दोघांच्याही लक्षात येत नाही.

बरं, यावर आपल्याकडे निवाडा काहीच झाला नाही का? झालाय. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड लावला. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दहा आदेश दिले. त्यातले दोन आपल्या विषयाचे. एक, दुसरी ॲप स्टोअर्स प्ले स्टोअरवरून मिळू द्या. दोन, बाहेरून ॲप घालण्यावर बंधनं आणू नका. गुगल अपिलात गेलं. मार्च २०२३ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दंड तसाच ठेवला, पण दहातले चार आदेश रद्द केले. त्या चारात हे दोन्ही होते.

म्हणून फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर काढलं, मराठीसह बारा भारतीय भाषांत चालणारं, तर तेही बाहेरूनच घालावं लागलं. म्हणजे मराठीत दिसणारं दुकान उघडलं, पण जायचं कुठून, तर त्याच दारातून, जिथे ‘सावधान, धोका’ अशी पाटी आहे.

आता पुढे काय येतंय ते ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की यापुढे स्टोअरबाहेरचं ॲप असलं तरी ते बनवणाऱ्याने आपली ओळख गुगलकडे नोंदवलेली असली पाहिजे, नाहीतर फोन ते घेणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून बाकी जगात. त्यांचं म्हणणं, इंटरनेटवरून बाहेरून घातलेल्या ॲप्समध्ये घातक ॲप्स स्टोअरच्या पन्नासपटीहून जास्त सापडतात. यावर जगभरातून आरडाओरडा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये ते म्हणाले की जाणत्या माणसाला धोका पत्करून पुढे जायची वाट ठेवू. ती वाट रुंद असेल की चिंचोळी, यावर सगळं आहे.

आकडा त्यांचा आहे, पण बाबांचा अनुभव बघता मी तो हसण्यावारी नेणार नाही. फक्त दुसरा आकडाही शेजारी ठेवा. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या एका वर्षात गुगलने प्ले स्टोअरवरून २२०० हून जास्त लबाड कर्जाची ॲप्स काढली. संसदेत सांगितलेला आकडा आहे. ही ॲप्स कुठे होती? मागच्या दाराने आली नव्हती. मुख्य वेशीतून, पहारेकऱ्यासमोरून आत आली, लोकांचे कॉन्टॅक्ट आणि फोटो उचलून त्यांना धमकावत बसली. म्हणजे पहारेकरी कामाचा आहे, पण तो आहे म्हणून झोपलात तर गेलात.

मग काय करायचं? मला उत्तर आंब्यात सापडलं. हसू नका! रत्नागिरीत राहून अजून कशात सापडणार?

आमच्या आजोबांच्या काळात आंबा म्हणजे पेटी भरायची आणि वाशीला पाठवायची. बाजार समिती, अडत्या, त्याची अडत, आणि मग जी पट्टी येईल ती. दुसरा रस्ता नव्हता. आता वाशी वाईट होती का? नाही. गिऱ्हाईक तिथे होतं, उचल मिळायची, माल एका रात्रीत खपायचा. त्रास एवढाच होता की दार एकच होतं. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला त्या बंधनातून मोकळा केला. आजही आमच्या बऱ्याचशा पेट्या वाशीलाच जातात. पण काही पुण्याला थेट सोसायटीत जातात, काही कुरिअरने. वाशीला पाठवणं आता आमची निवड आहे, आणि आम्ही दुसरीकडे जाऊ शकतो हे अडत्यालाही ठाऊक आहे. एवढ्याने त्याची बोलायची भाषा बदलते बघा.

बरं, दार उघडलं तर लबाडी येते, तीही आली. बाहेरचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून रस्तोरस्ती विकतात, तुम्ही पण फसला असाल. त्यावर उपाय काय केला? ‘आता सगळ्यांनी फक्त एकाच दुकानातून आंबा घ्या’ असं कोणी म्हटलं नाही. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बागायतदार नोंदणी करतो, काही जण पेटीवर क्यूआर लावतात, तुम्ही तो तपासू शकता. आंबा कोणाचा हे कळतं. घ्यायचा की नाही, आणि बिननोंदणीवाल्या ओळखीच्या काकांकडून घ्यायचा का, हे तुम्हीच ठरवता.

फोनचंही मला एवढंच हवंय. ॲप बनवणाऱ्याचं नावगाव कळू दे, माझी ना नाही. फोन विकत घेताना दार बंद असू दे, तेही चालेल. धोका असेल तर ठणकावून सांग, पण मराठीत सांग, आणि काय धोका ते सांग. ‘हे ॲप तुमच्या बँकेचे मेसेज वाचणार आहे’ असं त्या दिवशी मोठ्या अक्षरात आलं असतं ना, तर बाबा थांबले असते. गुगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात अशा एका सोयीची चाचणी जाहीर केली होती, की बाहेरून आलेलं ॲप मेसेज वाचण्यासारखी नाजूक परवानगी मागत असेल तर ते अडवायचं. हा विचार मला पटतो. कारण माझ्या मित्राच्या वहीला बाबांचे मेसेज वाचायची गरजच नाही. चोराला आहे. दार बघू नका, आत आल्यावर माणूस कपाटाकडे जातो की पाटावर बसतो ते बघा.

पण या सगळ्यानंतर शेवटचं ‘हो’ किंवा ‘नाही’ मालकाचं. कंपनीचं नाही, सरकारचं नाही. आणि जी कंपनी वेशीवर बसून कमिशन घेते, तिने कोणाला हाकललं तर कारण लिहून द्यावं, आणि दाद ऐकायला जिवंत माणूस बसवावा. हे काही फार मागणं नाही. रेशन दुकानालाही हे नियम आहेत.

कोणी म्हणेल, ज्याला कळत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी आपण आहोत की! आणि इथेच मी चुकलो होतो. मी बाबांना कुलूप दिलं, किल्ली दिली नाही.

मग एका रविवारी बसलो दोघं. नियम ठरवले. ॲप कोणीही पाठवलं तरी आधी त्याला फोन लावायचा, मेसेज नाही, फोन. पत्रिका, चलन, फोटो यांच्या नावाला शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही. वहीला मेसेज कशाला वाचायला लागतात, असा प्रश्न प्रत्येक परवानगीला विचारायचा. बँकेचं सिम वेगळ्या साध्या फोनमध्ये घातलं. आणि बाहेरून ॲप घालायची सोय बाबांनी स्वतः उघडली, मित्राला फोन लावून खात्री केली, नवीन आवृत्ती घातली, आणि सोय परत बंद केली. पाच मिनिटं लागली.

परवा एक चलन आलं त्यांना. गाडी आमची बंदच आहे, तिचं चलन! बाबांनी मला हाक मारली आणि फोन दाखवला. म्हटलं, डिलीट करू? तर म्हणाले, “थांब, ज्याच्या नंबरवरून आलंय त्याला आधी फोन करतो. त्याचं पण गेलं असेल बिचाऱ्याचं.”

तर मंडळी, तुमच्या घरात ही कडी कोणाच्या हातात आहे? आईबाबांचा फोन तुम्ही बंद करून ठेवलाय का माझ्यासारखा? की तुमचंच एखादं ॲप कोणी कारण न देता काढून टाकलंय? रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाजवू. आणि हा भाग आवडला तर व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवा. लिंक पाठवा हां, एपीके नको!

भेटूया. काळजी घ्या.